पेन हातात घेताच बोटे का वळतात?

एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताने उजवा दंड धरा आणि उजवा हात कोपरात वाकवा. दंडाचा पुढचा स्नायू फुगून घट्ट होईल, मागचा मात्र सैल राहील. एकाने आखडायचे तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचे, असा हुकूम मेंदूच देतो. शरीराच्या एखाद्याच भागात हा हुकूम बिघडला आणि दोन्ही स्नायू एकदम आखडू लागले, की त्या विकाराला ‘फोकल डिस्टोनिया’ म्हणतात.

कोणाच्या पापण्या आपोआप मिटतात, कोणाची मान एकीकडे वळते. गंमत अशी, की मान वळलेला रोगी हनुवटीला नुसते बोट लावतो आणि मान बरीचशी सरळ होते! एका बोटाच्या जोराने मान कशी वळेल? तेव्हा काम जोराचे नसून स्पर्शाचे आहे, हे उघड आहे.

सर्वात चमत्कारिक प्रकार लिहिणाऱ्यांचा. दोन ओळी लिहिताच बोटे पेन आवळू लागतात, मनगट वाकडे होते. तोच हात सदऱ्याची बटणे मात्र बिनचूक लावतो. म्हणूनच अशा रोग्यांना पुष्कळदा ढोंगी ठरवले गेले. हा अन्यायच होता. (परीक्षेत तीन तास लिहून हात दुखतो, तो हा विकार नव्हे, तो विश्रांतीने थांबतो.)

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे १९६४ च्या सुमारास तळव्याकडे वळू लागली. पुढे कित्येक वर्षे ते केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजवीत राहिले.

असे का होते? मेंदूत प्रत्येक बोटाच्या स्पर्शासाठी वेगळी जागा असते. नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांकडून मुठीची एकच हालचाल हजारो वेळा करवून घेतली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, हात बिघडलेल्या माकडांच्या मेंदूतील त्या जागा एकमेकींत मिसळलेल्या आढळल्या. पण सारेच कारकून आजारी पडत नाहीत. काहींमध्ये आनुवंशिक कलही असावा, आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रांचाही यात वाटा असतो.

बोट्युलिनम हे जहाल विष अत्यल्प प्रमाणात टोचले, की मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो आणि स्नायू सैलावतो. परिणाम साधारण तीन महिने टिकतो. मग पुन्हा सुई! मेंदूतला मूळ बिघाड यामुळे जात नाही. तरीही १९९० नंतरच्या दशकात याच उपचाराच्या आधारे फ्लायशर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले.