थरच्या वाळवंटातील एक रात्र: पूर्वतयारी आणि मुक्काम

सह्याद्रीतील रात्रीच्या चढाईची ज्यांना सवय आहे, त्यांनी थरच्या वाळवंटात रात्र काढण्याचा बेत आखताना एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. ज्या खुणांच्या आधाराने आपण आपल्या डोंगरांत निर्धास्तपणे वावरतो, तो सुळका, ती खिंड, तो पायथ्याच्या वाडीतील दिवा, त्यांपैकी एकही तेथे साहाय्यास येत नाही. आणि म्हणूनच वाटाड्याची निवड हाच या सफरीचा निम्मा बंदोबस्त होय.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर असलेले समचे धोरे (वाळूच्या टेकड्यांना तिकडे धोरे म्हणतात) प्रवाशांच्या अधिक परिचयाचे खरे. परंतु तेथील तंबूंच्या रांगा, जीपगाड्यांची वर्दळ आणि ध्वनिवर्धकांवरील संगीत यांमुळे जी रात्र अनुभवण्यासाठी आपण इतका मुलूख ओलांडून येतो, तीच तेथे नाहीशी झालेली असते. नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरांवरील खुरी हे गाव, किंवा त्याहीपुढील एखादी ढाणी (लहानशी वस्ती), मला सर्वथा श्रेयस्कर वाटते. वाटाड्या ठरविताना तो त्याच गावचा रहिवासी आहे काय, उंट त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे काय, मुक्कामाच्या जागेपासून मोटारीची वाट किती दूर आहे आणि तेथून जैसलमेरच्या रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे स्पष्ट विचारून घ्यावे. या प्रश्नांची नेमकी उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्यावर रात्रीचा हवाला टाकू नये. हा सारा प्रदेश माळढोकाच्या अधिवासासाठी राखलेल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, आणि आमच्या सोलापूरजवळच्या नान्नज येथे हाच पक्षी कसा दुर्मीळ होत गेला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रात्री उद्यानाच्या हद्दीत शिरू नये हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सीमेलगतच्या भागासाठी प्रशासनाचा परवाना लागतो. त्याची तजवीज जैसलमेरमध्येच करावी.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. डिसेंबरअखेरीस तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेतेरा तासांची रात्र पदरी पडते. तिथीच्या बाबतीत माझे मत असे की, पौर्णिमा आणि अमावास्या ही दोन्ही टोके टाळून शुद्ध पंचमी ते सप्तमी हे दिवस साधावेत. कारण त्या दिवसांत संध्याकाळची पायपीट चांदण्यात होते आणि दहा ते बाराच्या दरम्यान चंद्र मावळला की, उरलेली रात्र निखळ तारकांची राहते. मुंबईत क्षितिजापासून १९ अंशांवर दिसणारा ध्रुव येथे २७ अंशांवर चढलेला असतो, तर व्याधाच्या बऱ्याच खाली, दक्षिण क्षितिजाशी, जेमतेम १० अंश उंचीवर अगस्ती दिसतो; मध्ये डोंगर नसल्यामुळे तोही दृष्टीआड होत नाही. ध्रुव ओळखता येणे ही येथे हौस नसून गरज आहे, कारण आपलीच पावले पाहत परतण्याचा भरवसा वाळूवर ठेवता येत नाही: वारा सुटला की, तासाभरात ती बुजतात.

चालताना धोऱ्याच्या वाऱ्याकडील बाजूने चढावे. ती बाजू सौम्य उताराची आणि घट्ट असते. पलीकडील बाजू ३२ ते ३४ अंशांची, म्हणजे कोरडी वाळू ज्या कोनात कशीबशी तग धरते त्या कोनाची असते, आणि तिच्यावरून चढू पाहणारा दोन पावले वर जाऊन एक पाऊल घसरत राहतो. विजेरी डोक्याला न बांधता हातात, जमिनीलगत तिरपी धरावी, म्हणजे प्रत्येक लहानशा खुणेची सावली पडून उंदीर, कोल्हा, सर्प यांच्या वाटा वाचता येतात. जंबुपार किरणांची लहान विजेरी जवळ असल्यास विंचू हिरवट उजळून दिसतात, आणि मुक्कामाची जागा तपासण्यास तिच्याइतके उपयुक्त साधन नाही.

सर्पांविषयी मात्र सविस्तर सांगणे माझे कर्तव्य समजतो. कोकणात ज्याला आपण फुरसे म्हणतो, त्याच जातीचा सर्प येथे बांडी या नावाने ओळखला जातो. तो रात्री फिरतो, वाळूवरून आडवा सरकतो आणि डिवचल्यास खवले घासून खरखर आवाज करतो. थंडीत त्याचा वावर मंदावतो, परंतु नोव्हेंबरच्या उबदार सायंकाळी तो भेटू शकतो. त्याहून भय मण्यारीचे. पीवणा नावाचा साप झोपलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो, अशी जी समजूत त्या मुलखात आहे, तिच्या मुळाशी एक सत्य आहे: मण्यारीचा दंश पुष्कळदा वेदनारहित असतो, जमिनीवर निजलेल्यास तो कळतही नाही, आणि पुढे विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. तेव्हा निजण्यासाठी खाटेचाच आग्रह धरावा, पांघरूण जमिनीला टेकू देऊ नये आणि पहाटे बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. दंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे हे सर्व वर्ज्य. तो अवयव हलू न देता रुग्णास तडक रुग्णालयात न्यावे.

कोरड्या आणि निरभ्र हवेमुळे दिवसाची उष्णता भराभर निसटते, आणि जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. लोकरी टोपी, हातमोजे आणि जाड रजई यांत कसूर करू नये. थंडीत तहान जाणवत नाही, तरीही माणशी चार लिटर पाणी बरोबर असावेच. शेकोटीसाठी खेजडी, म्हणजे आपली शमी, किंवा फोगाची मुळे तोडण्यास वाटाड्याला कधीही सांगू नये. फोगाच्या मुळांनी धोरे बांधून धरलेले असतात, आणि सरपणापायी ते झुडूप विरळ होत चालले आहे. ऊब हवीच असेल, तर सरपण गावातून विकत न्यावे.

उंटाविषयी इतकेच की, उठताना तो आधी मागील पाय सरळ करतो आणि स्वार पुढे फेकला जातो, म्हणून त्या क्षणी मागे रेलावे. बसतानाही हाच नियम. रिकीब नसल्यास लोंबकळत्या पायांनी तासाभरातच मांड्या भरून येतात, तेव्हा अर्धी वाट पायीच चालावी. मजुरी आदल्या दिवशी ठरवून, परतल्यावर मध्यस्थाच्या हाती न देता उंटवाल्याच्या हाती रोख द्यावी, आणि तीत उंटाच्या चाऱ्याचा खर्च धरला आहे काय, हे त्यालाच विचारावे.