मशीनच्या पायाला कोणता रंग?

नारळी पौर्णिमा जवळ आली की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या रंगवायची घाई सुरू होते. होडीच्या तळाला विषारी रंग लावतात. त्यामुळे शेवाळ आणि बारीक शिंपले तळाला धरत नाहीत. होडी हलकी चालते, तेल कमी लागते. या रंगात बहुधा तांबे असते. ते थोडे थोडे पाण्यात विरघळते, आणि या जिवांना तेच सोसत नाही.

होडीच्या मागे मशीन टांगलेले असते. त्याचा पाय पाण्यात बुडतो. मग कोणी म्हणतो, "डब्यात रंग उरलाय. पायालाही फासून टाकू. रंग तो रंगच!"

तसे करू नका. मशीनचा पाय अॅल्युमिनियमचा असतो. खाऱ्या पाण्यात तांब्याचे आणि अॅल्युमिनियमचे पटत नाही. टॉर्चमधला साधा सेल आठवा. त्याचे भांडे जस्ताचे असते. सेल वीज देतो तसे जस्त झिजते. जुना सेल गळतो तो यामुळेच. इथे रंगातले तांबे, पायाचे अॅल्युमिनियम आणि मधे खारे पाणी. झाला सेल तयार! त्यात झिजते ते अॅल्युमिनियम. आधी रंगाला फोड येतात. फोडाखाली पांढरी भुकटी दिसते. मग धातूला खड्डे पडतात. कर्ज काढून घेतलेले मशीन असे खाल्ले जाते.

ही गोष्ट जुनीच आहे. १७६१ साली इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहतात तो काय, लोखंडी खिळे गंजून गेलेले! पण जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये कागद राहिला होता, तिथला खिळा शाबूत होता.

मग करायचे काय? होडी नांगरली की मशीनचा पाय वर उचलून ठेवा. रोज असे केले तर पायाला विषारी रंगाची गरजच नाही.

पाय पाण्यातच राहणार असेल तर तो स्वच्छ घासा. लोखंडी तारेचा ब्रश नको, पॉलिश कागद वापरा. आधी अॅल्युमिनियमला चालणारे अस्तर द्या. कागदाने खिळा राखला तसे ते धातूला राखते. त्यावर तांबे नसलेला, अॅल्युमिनियमसाठीचा रंग लावा. डब्यावरची अक्षरे स्वतः वाचा. इंग्रजी असली तर दुकानदाराकडून वाचून घ्या, लाजू नका.

होडीच्या तळाचा तांब्याचा रंगही मशीनला भिडवू नका. सभोवती निदान दीड इंच जागा कोरी सोडा.

आणखी एक. पायाला जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. तो स्वतः झिजतो आणि मशीनला वाचवतो. त्याच्यावर कोणताही रंग लावू नका. रंगाखाली झाकला की त्याचे काम थांबते. निम्मा झिजला की नवा बसवा. नवा बसवताना खालची जागा चकचकीत घासा, धातूला धातू टेकला पाहिजे.