ट्रॅक्टरमागे ओढायचा पाणीभरणीचा रोलर

पावसाळा सरला की गावच्या मैदानाची अवस्था सगळीकडे सारखीच असते. गुरांच्या खुरांचे खड्डे, गांडुळांनी वर काढलेल्या मातीचे ढिगले, मुंग्यांची वारुळे आणि मधूनच एखादी ट्रॉली रुतल्याची खोल चाकोरी. दिवाळीनंतर क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात, मंगल कार्यालयांच्या लॉनवर मांडव पडतात. त्याआधी जमीन दाबून एकसारखी करायची असते. रस्त्याचा 8-10 टनी रोलर त्यासाठी बोलावणे म्हणजे गवताचा गळा घोटणे. जुना दगडी रूळ ओढायला आता माणसे मिळत नाहीत. मिनी ट्रॅक्टर मात्र गावोगाव आहेत. त्यामागे चालणारा पोकळ, पाणी भरायचा रोलर चांगल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात करून घेता येतो.

पोकळच का, ते आधी सांगतो. पिंपात काँक्रीट ओतून केलेला रोलर स्वस्त पडतो, पण त्याचे वजन कायमचे ठरून जाते. नव्याने अंथरलेल्या लॉनच्या लाद्या मातीला टेकवायला हलका दाब पुरतो, खुरांचे खड्डे मोडायला जास्त लागतो. एकच रोलर दोन्ही कामांना चालायचा तर वजन कमी-जास्त करता आलेच पाहिजे. खाली दिलेल्या मापाचा रोलर रिकामा असताना चौकटीसह सुमारे 200 किलो भरतो. आत 300 लिटर पाणी मावते, म्हणजे भरल्यावर तो 500 किलोच्या आसपास जातो. 15 ते 25 एचपीच्या ट्रॅक्टरला सपाटीवर हे ओझे जड नाही. उतारावर मात्र लक्षात ठेवावे की या रोलरला ब्रेक नाही. मागून ढकलणाऱ्या वस्तूचे वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा बरेच कमी असलेले बरे.

तेलाचे किंवा केमिकलचे जुने पिंप कापून ड्रम करण्याचा मोह टाळावा. आत राहिलेल्या वाफेला गॅस कटरची ठिणगी लागली की पिंप फुटते आणि माणूस जागीच जातो. धुतलेले पिंपही भरवशाचे नसते. शिवाय त्याचा पत्रा पातळ असतो आणि अंगावरचे कडे गवतावर पट्टे उठवते. नवी प्लेटच घ्यावी.

माप ठरवताना ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजावी. रोलर त्याहून रुंद हवा, म्हणजे चाकांच्या खुणा पुढे उमटतील आणि मागून रोलर त्या पुसत येईल. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरना 1200 एमएम लांबीचा ड्रम पुरतो. व्यास 600 एमएम ठेवावा. लहान व्यासाचा रोलर मऊ मातीत रुतून पुढे मातीची लाट ढकलतो, मोठा तिच्यावरून चढून जातो.

ड्रमसाठी 6 एमएम जाडीची प्लेट घ्यावी. तिची लांबी काढताना बाहेरच्या व्यासाने गुणू नये. जाडीच्या मधोमध येणारा व्यास 594 एमएम, त्याला 3.1416 ने गुणले की 1866 एमएम येतात. 1866 बाय 1200 चा हा तुकडा प्लेट रोलिंगवाल्याकडून गोल करून आणावा. जोडाची दोन टोके सपाट राहिली असतील तर परत पाठवावा. तो भाग सपाट राहिला की रोलर प्रत्येक फेऱ्याला ठोका देत चालतो.

त्याच प्लेटमधून तीन चकत्या कापाव्यात, दोन टोकांना आणि एक मधे. तिन्ही एकावर एक टॅक करून लेथवर एकाच वेळी बाहेरून 586 एमएमला उतरवाव्यात आणि मधले 40 एमएमचे भोकही त्याच बांधणीत काढावे. सगळ्या कामात याच ठिकाणी थोडे जास्त पैसे मोजावेत. तिन्ही भोके एका रेषेत नसतील तर पुढे कितीही चांगले वेल्डिंग करा, ड्रम डुगडुगणारच. मधल्या चकतीला कडेलगत 50 एमएमची चार भोके पाडावीत, म्हणजे पाणी दोन्हीकडे फिरेल.

शाफ्ट 40 एमएमच्या ब्राइट बारचा, 1400 एमएम लांब, ड्रममधून आरपार. आधी मधली चकती ड्रममध्ये बसवून दोन्हीकडून तुकड्यातुकड्याने वेल्ड करावी. मग शाफ्ट घालून टोकाच्या चकत्या कडेपासून 6 एमएम आत बसवाव्यात आणि फक्त टॅक मारावेत. बेअरिंग बसायच्या जागेवर ओले गोणपाट गुंडाळावे, ठिणग्यांचे थेंब तिथे चिकटू देऊ नयेत.

आता खडूचे काम. शाफ्टची दोन टोके अँगलच्या दोन उलट्या खाचांवर ठेवून ड्रम हाताने हळू फिरवावा आणि पक्क्या स्टँडला बांधलेला खडू त्याच्या अंगाजवळ आणावा. जिथे ड्रम उंच असेल तिथेच पांढरी रेघ उमटते. रेघ एका बाजूला उठली तर तिकडचे टॅक तोडून चकती सरकवावी. दोन-तीन एमएमचा फरक मैदानाला चालतो, त्याहून जास्त नको. घाई असलेला कारागीर ही पायरी गाळतो, म्हणून आपण तिथे उभे राहावे. रेघ सगळीकडे सारखी आली की समोरासमोर थोडे थोडे करत पूर्ण वेल्ड मारावे. एकाच दिशेने सलग गेल्यास चकती ओढली जाते. लांबीचा जोड आणि दोन्ही कडा ग्राइंडरने गोलसर करून घ्याव्यात, धारदार कड गवतात रेघ पाडते.

एका टोकाच्या चकतीवर, कडेजवळ, दोन इंची सॉकेट आणि प्लग बसवावा. सगळे वेल्डिंग संपेपर्यंत हे तोंड उघडेच ठेवावे आणि पुढे कधी डागडुजी करायची वेळ आली तरी आधी प्लग काढावा. गळती पाहायला पाणीच भरावे. कॉम्प्रेसर लावून हवेने तपासण्याची पद्धत इथे जीवघेणी आहे. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला 1 किलो एवढाच असला तरी त्या चकतीवर एकूण जोर 2.7 टनांच्या घरात जातो. ती सुटली तर समोरच्याला वाचायला वेळ नाही.

चौकट 75 एमएमच्या चॅनेलची करावी. दोन्ही बाजूंना ड्रमपासून 25 ते 30 एमएम मोकळे राहू द्यावे. बेअरिंग यूसीपी 208, म्हणजे 40 एमएम शाफ्टचे, चॅनेलच्या खालून बोल्टने आवळावे. बेअरिंग एवढे लहान कसे चालेल, असे दुकानदारसुद्धा विचारतो. ड्रमचे वजन थेट जमिनीवर पडते, बेअरिंगवर येते ती चौकट आणि ट्रॅक्टरची ओढ. मोठे बेअरिंग हा वाया गेलेला खर्च आहे. बेअरिंग बसवल्यावर चौकटीला वेल्डिंग करावे लागले तर अर्थिंगचा चिमटा चौकटीवरच लावावा, ड्रमवर नको. करंट गोळ्यांमधून गेला की बेअरिंगवर डाग पडतात आणि ते आठवडाभरात खडखडू लागते.

पुढचा दांडा इंग्रजी ए अक्षरासारखा, दोन चॅनेलचा, चौकटीपुढे किमान एक मीटर लांब. आखूड ठेवला तर वळताना मागचे चाक चौकटीला घासते. टोकाला 16 एमएमची पट्टी आणि ट्रॅक्टरच्या पिनेपेक्षा एक-दोन एमएम मोठे भोक. पिनेला क्लिप हवीच. रोलर नेहमी खालच्या हुकालाच जोडावा. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढला की जोर लागताच ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि तो चालवणाऱ्यावर उलटा येतो.

मागच्या बाजूला माती खरवडणारी पट्टी हवी. काळ्या मातीच्या गावात ती नसेल तर ड्रमला थर चढत जातो. अँगलला जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी बोल्टने लावावी आणि ड्रमपासून तीन-चार एमएमवर ठेवावी. बोल्टची भोके लांबट ठेवली म्हणजे पट्टी झिजली की पुढे सरकवता येते. शेवटी रेडऑक्साइडचा हात आणि वर रंग.

फक्त लॉनच राखायचे असेल तर ड्रम एक न करता 600 एमएम लांबीचे दोन करावेत, दोन्ही एकाच स्थिर शाफ्टवर स्वतंत्र बुशांवर फिरणारे. वळताना बाहेरच्या टोकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जावे लागते. अखंड ड्रमला ते जमत नाही, तो घसटत जातो आणि गवत मुळासकट सोलतो. मैदानावर सीमारेषेबाहेर मोठे वळण घेता येते, तिथे अखंड ड्रम पुरतो.

रोलर कधी फिरवायचा, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. वाफसा आला की. मूठभर माती दाबावी, गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलताच फुटला पाहिजे. गोळा न फुटता चेपला तर दोन दिवस थांबावे. ओल्या काळ्या मातीवर भरलेला रोलर फिरवला की मातीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि उन्हात वर कडक पापुद्रा धरतो. लोक वजन वाढवून जे मिळवायला बघतात, ते योग्य ओलीवर निम्म्या वजनातही मिळते. कोरड्या ठणठणीत जमिनीवर तर 500 किलोही नुसते वरून घसरून जातात. हलके पाणी द्यावे, मुरू द्यावे, मग फिरवावे.

फिरवण्याआधी दगड-गोटे आणि काटक्या वेचाव्यात, खोल खड्डे चाळलेल्या मातीने भरावेत. रोलर उंचवटा खाली बसवतो, खड्डा भरत नाही. पहिला हात रिकाम्या ड्रमने, मग पाणी भरून दुसरा, आडवा. पाणी एकतर नसावे नाहीतर जवळपास पूर्ण असावे, अर्धवट भरले तर उतारावर ते एका कुशीला धावते. मात्र काठोकाठही भरू नये. उन्हात पाणी फुगते, त्यासाठी वीसावा हिस्सा रिकामा ठेवावा. गिअर पहिला, चाल माणसाच्या चालीइतकी, प्रत्येक पट्टा आधीच्यावर वीतभर चढवून. चौकटीवर वजन म्हणून कुणाला बसवू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नये.

काम झाले की प्लग खाली येईल असा ड्रम फिरवून पाणी काढावे. ते पाणी झाडांना द्यावे. प्लग उघडाच ठेवून आतून वाळू द्यावे, नाहीतर गंज आतून लागतो आणि बाहेरून दिसत नाही. निपलमधून ग्रीस भरावे, ड्रमला दोन्हीकडून दगड लावावेत आणि दांडा टेकूवर ठेवावा.