मानसशास्त्राची पदवी आणि कर्जाचे गणित

मानसशास्त्र हा मोठा गोडीचा विषय आहे. पण नुसते बी. ए. होऊन रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर एम. ए. नंतरही शिकावे लागते, आणि १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार नोंदणी लागते. कमाई अशी लांबते. व्याज मात्र थांबत नाही.

कागद-पेन्सिल घ्या. समजा, बी. ए. ची ३ आणि एम. ए. ची २ वर्षे, दरवर्षी आरंभी १ लाख रुपये कर्ज काढले. दर १० टक्के, सरळव्याज. फेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. पहिल्या लाखावर ६ वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर ५, शेवटच्यावर २. बेरीज २०, म्हणजे व्याज २ लाख. पाचाचे झाले सात!

हे ७ लाख त्याच दराने १० वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता सुमारे ९,२५० रुपये येतो. समुपदेशकाचा पहिला पगार २०,००० धरला, तर जवळजवळ निम्मा तिथेच गेला. (घरभाडे अजून दिलेलेच नाही!) फेड सुरू होईपर्यंतचे व्याज दरवर्षी भरत गेलात, तर हप्ता ६,६०० च्या आसपास राहील.

आता १ लाखाच्या जागी सरकारी महाविद्यालयाची फी घालून हेच गणित पुन्हा करा.