दोऱ्याची जामीनकी

हाताने घडवलेल्या वस्तूचे कौतुक करणारे शेजारीपाजारी व आप्तेष्ट हे त्या वस्तूचे परीक्षक नव्हेत, ही साधी गोष्ट उमजण्यासाठी मला चोवीस कंठे, श्रावणातला एक मंगळवार आणि एका सभागृहाच्या फरशीवर विखुरलेले मणी एवढी सामग्री खर्ची घालावी लागली. जी चूक मी केली ती चामडे, फीत आणि दोरी यांचे दागिने करू पाहणाऱ्या कोणाच्याही हातून सहज घडण्यासारखी आहे. म्हणून संकोच बाजूस ठेवून तिची हकिकत सादर करते.

कोल्हापुरातील एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर हाताला काही काम असावे, म्हणून मी भाजलेल्या मातीचे मणी, पितळेची पदके आणि चामड्याच्या वाद्या यांच्या जुळणीतून गळ्यातले अलंकार करू लागले. गावही या उद्योगाला अनुकूल होते. एका अंगाला गुजरीतली सराफी दुकाने, दुसऱ्या अंगाला चपलांच्या दुकानांची ओळ आणि तिथला कमावलेल्या चामड्याचा वास, शिवाय चांदीच्या कामासाठी नावाजलेली हुपरी जवळच. भाच्यांना दिलेले, मैत्रिणींनी हौसेने घेतलेले दहापाच नग वाखाणले गेले आणि त्या प्रशस्तीच्या बळावर मी स्वतःस कारागीर समजू लागले.

अशात आषाढाच्या आरंभी एका महिला मंडळाकडून मंगळागौरीच्या कार्यक्रमासाठी चोवीस एकसारख्या कंठ्यांची मागणी आली. मुदत तीन आठवड्यांची होती आणि निम्मी रक्कम बयाणा म्हणून हाती पडली. रचना माझ्या मते फारच देखणी होती: पुढे चामड्याची दुहेरी वादी, तिच्याखाली सुती दोरीत ओवलेल्या मण्यांचा सर, मधोमध पितळी पदक, मागे मानेवर बांधण्यास लाल सॅटिनची फीत आणि फितीच्या टोकांना दोरीचे गोंडे. वादी व फीत जोडण्यासाठी बाजारातून चकचकीत लोखंडी कड्या आणल्या. मणी मात्र मी दहा ठिकाणी हिंडून, उन्हात धरून, एकेक पारखून घेतले होते.

कंठे वेळेआधीच तयार झाले, म्हणून धूळ बसू नये या हेतूने प्रत्येक नग प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. कोल्हापूरचा आषाढ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचे सांगणे नलगे. सुपूर्द करण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशव्या उघडल्या तेव्हा वाद्यांवर पांढुरकी बुरशी पसरली होती. तेलाच्या बोळ्याने ती मी पुसून काढली, कुणाजवळ अवाक्षर काढले नाही आणि माल पोचता केला. माझ्या सर्व अपराधांत हा मोठा, कारण बाकीचे अज्ञानातून घडले आणि हा जाणूनबुजून.

कार्यक्रमाच्या दिवशी पूजेच्या वेळीच एका वृद्ध बाईंनी शांतपणे विचारले, "बाई, हे चामडं कशाचं? आणि पूजेला बसताना गळ्यात चालतं का?" दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. पुढे झिम्म्याला रंग चढला आणि फुगड्या सुरू झाल्या, तशा सॅटिनच्या गुळगुळीत फितीतल्या सुरगाठी एकामागून एक सुटू लागल्या. तिघींच्या गळ्यातले कंठे खाली आले. त्यांतील एक पायाखाली सापडून दोरी तुटली आणि अनवाणी नाचणाऱ्या मुलींच्या पावलांखाली मणी घरंगळले. कोणी पडले नाही, हे माझे कर्तृत्व नव्हे, केवळ दैव.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. आवाज न चढवता त्यांनी फिर्यादीची यादी वाचून दाखवली: सहा चोळ्यांवर फितीचा लाल रंग उतरला, वादीवर व काहींच्या मानेवर काळे डाग पडले, एका मुलीच्या गळ्याला कडीच्या जागी पुरळ उठले. मी घेतलेली रक्कम परत केली, चोळ्यांचा खर्च दिला आणि वहीत त्या महिन्याची खर्चाची बाजू जमेहून जड झाली.

त्यानंतर मी जे प्रथमच करायला हवे होते ते केले. गुजरीत दागिने गाठवून देणाऱ्या एका वयोवृद्ध पटवेकऱ्याकडे गेले. पायाच्या अंगठ्यात रेशीम अडकवून ते गोफाला पीळ देत बसले होते. त्यांनी माझा कंठा हाती घेतला, पदकाकडे पाहिलेही नाही. तो पालथा केला, सांधे ओढून पाहिले, दोरीवरून नख फिरवले आणि म्हणाले, "बाई, मणी कुठनं आणलासा?" मी दहा ठिकाणांची नावे सांगितली. "आनि दोरा?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून, मामा."

"मग मणी तेवढा तुमचा, दोरा परका. त्यो तुमच्या मण्याला जामीन कशाला ऱ्हाईल?"

दोरा हा मण्यांचा चाकर, असेच मी आजवर मानत आले होते. वस्तुतः तो त्यांचा जामीन असतो: मण्यांनी गळ्यावर राहण्याचा जो करार केलेला असतो, त्याची हमी तोच देतो. आपल्या जुन्या अलंकारांनी हे पुरते ओळखले होते. ठुशी गळ्यालगत बसावी म्हणून तिच्या मागे रेशमी दोरी व गोंडा असतो आणि लहानमोठ्या गळ्यांना ती एकच ठुशी बेताची होते ती सोन्यामुळे नव्हे, त्या सरकत्या दोरीमुळे. सोने आजीकडून नातीकडे जाते आणि दोरा दर काही वर्षांनी नव्याने गाठवला जातो. दोरा झिजणार हे गृहीत धरूनच त्या दागिन्यांची रचना झाली आहे. मी मात्र दोऱ्याच्या मर्त्यपणाचा विचारच केला नव्हता.

आता, त्या दिवसापासून तोलूनमापून शिकलेले थोडे सांगते.

चामडे घेताना ते कशाने कमावले आहे ही पहिली चौकशी असावी. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांत कमावण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ साली ज्या कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे चामडे या जातीचे. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांना १८८४ साली अमेरिकेत मिळाले आणि आठवड्यांचे काम दिवसावर आल्याने जगातील बहुतेक चामडे आज याच रीतीने कमावले जाते. वादीची कापलेली कड पाहिली की बहुधा उलगडा होतो: आतपर्यंत तांबूस-तपकिरी असेल तर पहिली जात, गाभ्यात निळसर-करडी झाक असेल तर दुसरी. निकृष्ट रीतीने कमावलेल्या चामड्यातील क्रोमियम काहींच्या त्वचेस बाधते. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावे, असा निर्बंध युरोपीय संघाने मे २०१५ पासून घातला तो याच कारणाने. घामेजणाऱ्या गळ्यासाठी मी तरी वनस्पतिज चामडेच पसंत करते.

तथापि त्या चामड्याचेही दोन शत्रू आहेत: ओल आणि लोखंड. मानेवरच्या काळ्या डागांचे कोडे मला हिराकशीने उलगडून दिले. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की काळी शाई होते हे जुन्या पिढीच्या कारकुनांना ठाऊक होते. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार आणि हिरड्याचा कस म्हणजे चामडे कमावणारे तेच द्रव्य. घामाने ओली झालेली वादी व लोखंडी कडी यांचा संयोग घडवून मी मुलींच्या गळ्यात शाईचा कारखानाच बांधला होता. वनस्पतिज चामड्याला पितळ किंवा चांदी जोडावी. लोखंड, मग त्यावर कितीही झिलई असो, जोडू नये. स्वस्त मुलाम्याखाली निकेल असण्याचा संभव असतो आणि पुरळ उठविणाऱ्या धातूंत त्याचे नाव अग्रभागी आहे, हेही ध्यानी असावे.

ओलीवर उपाय हवेचा. चामडे प्लास्टिकमध्ये कोंडू नये. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून हवेशीर ठेवावे, भिजल्यास सावलीत वाळवावे. उन्हात वा शेगडीपाशी ते ताठर होऊन तडकते. वादी कातड्याच्या पाठीच्या भागातून काढलेली असावी, कारण पोटाकडचे चामडे सैल व ताणले जाणारे असते. कापण्याआधी वजन टांगून ती एक रात्र लोंबत ठेवावी, म्हणजे जो ताण तिला पुढे यायचा तो आपल्या घरीच येऊन जातो. आणि सांधा केवळ चिकटवून भागवू नये. आरीने भोके पाडून मेणवलेल्या दोऱ्याचे दोन टाके घालावेत.

फितीविषयी माझा भ्रम असा होता की सॅटिन म्हणजे रेशीम. सॅटिन हे विणीचे नाव आहे, तंतूचे नव्हे. एक धागा काढून जाळून पाहावा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो व राख बोटाने चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. पॉलिएस्टरच्या फितीचे टोक मेणबत्तीच्या आचेने बंद करता येते. रेशमाचे मात्र दुमडून शिवावेच लागते. लाल, निळी, काळी फीत घेतल्यावर तिचा तुकडा मिठाच्या कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर चोळावा. फडके रंगले तर चोळीही रंगणार. सर्वांत महत्त्वाचे, फितीवर भार टाकू नये. भार आतल्या दोरीने व आकड्याने सोसावा, शोभा फितीने द्यावी. तिची सुरगाठ सुटली तरी दागिना जागचा हलू नये, अशी योजना असेल तरच फीत वापरावी.

दोरीचे मरण बहुधा मण्याच्या भोकात असते. मातीच्या किंवा पितळी मण्याच्या भोकाची कड खरखरीत असेल तर ती करवतीसारखी काम करते. प्रत्येक भोक बारीक कानशीने घासावे आणि निवडलेला दोरा एका मण्यातून शंभर वेळा मागेपुढे ओढून भिंगाखाली पाहावा. जड मण्यांच्या भाराने रेशीम ताणले जाते, म्हणून शेवटची गाठ मारण्याआधी सर लोंबता ठेवावा. दोन मण्यांमध्ये निरगाठ मारावी. मोत्यांचे सर याच रीतीने गाठवतात, कारण दोरा तुटला तरी मग एखादाच मणी ओघळतो. निरगाठी दोरीची लांबी कितीतरी गिळतात, तेव्हा आधी एका नमुन्यावर हिशेब करावा. पुरा झालेला कंठा, त्याच्या वजनाच्या दसपट भार टांगून, मी आता एक रात्र खुंटीवर ठेवते. सकाळी जो शाबूत असेल तोच पेटीत जातो.

यास एक अपवाद आहे आणि तो विसरू नये. लहान मुलांच्या गळ्यातील दोरी तुटणारी असावी. ती खेळताना कशात अडकली तर गळ्याआधी तिनेच हार मानली पाहिजे. अगदी लहानग्यांसाठी तर गळ्यातले करूच नये; ओघळलेला मणी त्यांच्या तोंडात जाण्यास विलंब लागत नाही.

उरली ग्राहकाशी सचोटी. चामडे म्हशीचे की शेळीचे, ते कशाने कमावले, फीत कोणत्या तंतूची, धातू कोणता आणि दोरा साधारण केव्हा बदलावा, हे एका चिठ्ठीवर लिहून मी प्रत्येक नगासोबत देते. पूजाअर्चेच्या वेळी चामडे अंगावर नको असलेल्या माणसाला ते विकण्यापूर्वी सांगणे, हा आपल्या कामाचाच भाग आहे. तसेच आषाढ-श्रावणात चामड्याची मागणी स्वीकारीत नाही. त्या दिवसांत रेशमी गोफच विणते आणि तसे कारण सांगते. यामुळे दोन गिऱ्हाइके परत गेली, पण फिर्याद एकही आली नाही.

त्या चोवीसांपैकी एक कंठा, बुरशीच्या डागांसह, माझ्या कामाच्या मेजावर टांगलेला आहे. नवा नमुना तयार झाला की मी तो मैत्रिणींना दाखवत नाही. स्वतः आठ दिवस गळ्यात घालते, त्यात स्वयंपाक करते, बाजाराला जाते, घाम गाळते. आठव्या दिवशी तो तक्रार न करता उतरला, तरच त्याच्यासारखा दुसरा करायला घेते. वाचकहो, या उद्योगात पडणार असाल तर एवढा एक नियम माझ्याकडून उसना घ्या: जो दागिना तुम्ही स्वतः आठ दिवस वापरला नाही, तो विकू नका.