कबाब नया नगरात, फाफडा पश्चिमेला

प्रश्न : ताई, मी बार्शीचा. इंजिनीअरिंगसाठी मिरा रोडला आलोय. शांतीनगरात चौघांनी मिळून खोली घेतलीय. महिना संपायच्या आत पैसे संपतात आणि गेले कुठे ते सांगता येत नाही. रीलमध्ये दाखवतात त्या हॉटेलांत गेलो, तर चव बेताची आणि बिल दणदणीत. सीनियर म्हणतात, ‘इथे काही नाही रे, बोरिवलीला जा.’ खरंच इथे खाण्यासारखं, घेण्यासारखं काही नाही का? आणि दुकानात मराठीत बोललं की भाव जास्त लावतात, हे खरं का?
— एक विद्यार्थी, मिरा रोड (पूर्व)

उत्तर : तुझे सीनियर बोरिवलीला जातात कारण त्यांना हे शहर फक्त स्टेशन ते खोली एवढंच माहीत आहे. बोरिवली मधलं दहिसर सोडलं की लगेच येतं, पासही असतो, त्यामुळे जाणं फुकट वाटतं. तिथे गेल्यावर मात्र ते फुकट राहत नाही.

आधी हे शहर कसं भरलं ते सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. सत्तरचं दशक सरेपर्यंत इथे मिठागरं होती, भातशेती होती, आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती शेतकऱ्या-मच्छीमारांची गावं होती. मग मुंबईत घर परवडेना झालेली माणसं इथे येऊ लागली. १९८५ साली नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. ही माणसं एकेकटी आली नाहीत. ओळखीनं, नात्यानं, जमातीनं आली आणि एकमेकांच्या शेजारी राहिली. मुस्लिम कुटुंबं नया नगरात, गुजराती-मारवाडी आणि जैन मोठ्या संख्येनं भाईंदर पश्चिमेला, मराठी चाकरमानी भाईंदर पूर्वेला नवघर, खारीगाव, गोडदेवच्या बाजूला. मिसळ सगळीकडेच आहे, पण प्रत्येक भागाचा कल अजून टिकून आहे. म्हणून माझा नियम सोपा आहे : जो पदार्थ ज्या वस्तीच्या घराघरांत शिजतो, तो त्याच वस्तीत विकत खावा. तिथल्या गिऱ्हाइकाला चव कळते, त्यामुळे दुकानदाराला लबाडी परवडत नाही. कबाब, पिझ्झा, डोसा आणि पंजाबी असं सगळं एकाच मेनूकार्डावर असलेलं हॉटेल, मग त्याच्या भिंतीवर खोटी वेल आणि निऑनचे पंख असोत नसोत, मी टाळते. फोटोसाठी जायचं असेल तर जा, पण जेवून जा.

नया नगर तुझ्यापासून चालत जाण्याइतकं. हैदरी चौकाच्या आसपास संध्याकाळी सात-आठनंतर जा. सीख कबाब, बैदा रोटी, रोल, शेवटी मातीच्या वाटीतली फिरनी. एकट्यानं जाऊ नकोस. चौघे गेलात तर चार गोष्टी वाटून खाता येतात आणि माणशी खर्च निम्म्यावर येतो. रमजानमध्ये रोजा सुटल्यानंतर इथली गर्दी बघण्यासारखी असते, मालपुवे तेव्हाच खावेत. पण निवांत बसून खायचं तर इतर दिवसच बरे. एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण सीनियर सांगत नाहीत आणि नवखा मुलगा विचारायला लाजतो. कबाब फारच स्वस्त वाटला तर ‘बडे का है या छोटे का?’ असं सरळ विचारायचं. छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशी-रेड्याचं. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी-रेड्यावर नाही. तू काय खावंस हा तुझा प्रश्न. विचारल्याचा राग कुणालाही येत नाही, उलट नीट उत्तर मिळतं.

भाईंदर पश्चिमेला रविवारी सकाळी जायचं. फाफडा-जलेबीच्या दुकानासमोर लोक घरचे डबे घेऊन उभे असतात. गरम फाफडा कढईतून निघतो, वर कच्च्या पपईचा संभारा आणि तळलेली मिरची. उशिरा गेलास तर थंड झालेला फाफडा मिळेल, तो बार्शीतही मिळतो. थंडीत, संक्रांतीच्या सुमाराला, उंधियू किलोवर विकायला येतो. पाव किलोत दोघांचं भागतं. खाकरा घरी न्यायला उत्तम, एस.टी.च्या प्रवासात टिकतो. इथे ‘जैन’ म्हणून सांगितलं की कांदा-लसूण नसतोच, पण बटाटाही नसतो. पावभाजीत कच्चं केळं घालतात. मला ती आवडते; तुला न आवडली तर भांडू नकोस, ऑर्डर देतानाच विचार. पर्युषणाच्या दिवसांत मटण-चिकनची दुकानं उघडी आहेत का, हेही आधी बघावं. २०१५ मध्ये महापालिकेनं पर्युषणाचे आठही दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं होतं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता.

भाकरी, ठेचा, शेंगाचटणी याची आठवण येत असणारच. त्यासाठी हॉटेल शोधू नकोस, पोळीभाजी केंद्र शोध. नवघर रोडच्या बाजूला घरगुती डबे देणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या पाट्या लहान असतात, रीलमध्ये त्या येत नाहीत. महिन्याचा डबा लावताना दोन गोष्टी आधी बोलून घे : रविवारी संध्याकाळी डबा असतो का, आणि तू गावी गेलास तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात का. चटणी मात्र आईकडूनच मागव.

आता उत्तन. इथे येऊन उत्तनला न जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागा न बघणं. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून परिवहनची बस मिळते. मुर्धा, राई, मोर्वा करत ती मिठागरांच्या कडेनं जाते आणि थोड्या वेळात इमारती संपतात. पुढे उत्तन, पाली, चौक ही मच्छीमारांची गावं, बहुतेक कोळी ख्रिस्ती. पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबू रोवून, दोऱ्या ताणून वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळतात. जवळ जाऊन बघ : दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी केलेली असते आणि ती जोडी दोरीवर अर्धी इकडे, अर्धी तिकडे लोंबत असते. ना गाठ, ना खिळा. ओल्या बोंबलात पाणीच फार, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही लागतात. अवकाळी पाऊस आला की वलांडीवरचा माल भिजतो आणि मेहनत वाया जाते.

तू घाटावरचा, म्हणून सुक्या मासळीची पारख सांगते. चांगला बोंबील फिकट पिवळसर असतो आणि वाकवला की कटकन मोडतो. तांबूस पडलेला, हाताला ओलसर लागणारा घेऊ नये. जवळा मुठीत घेऊन कागदावर झटकायचा. वाळूवर वाळवलेला असेल तर रेती खाली पडते आणि पैसे रेतीचेही जातात. सोडे महाग असतात, आत्ता नकोस. खरेदी एप्रिल-मेमध्ये करावी, तेव्हा माल ताजा आणि भरपूर असतो आणि बायका पावसाळ्याची बेगमी करत असल्यानं भावही जागेवर असतो. घासाघीस थोडी चालते, पण कोळिणीशी भाव करताना अर्ध्यावर आणू नकोस. तिनं काय सुनावलं ते तुला चार दिवस आठवेल. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा ‘एकदम ताजा पापलेट’ असं कुणी म्हटलं तर कुठून आला ते विचार. आणि सुकट खोलीत भाजायच्या आधी घरमालक कोण आहे ते आठव. इथल्या कित्येक सोसायट्यांत अंडंसुद्धा चालत नाही, आणि जवळ्याचा वास तीन मजले चढतो.

खोलीसाठी भांडी घ्यायची असतील तर भाईंदर पूर्वेला जा. इथल्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टीलची भांडी बनवणारे कारखाने पूर्वीपासून आहेत. दुकानात भांडं वजनावर मिळतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, ‘बघा, चिकटत नाही, अस्सल माल.’ त्यावर जाऊ नकोस. निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. बूड जाड आहे का, काठ नीट वळवलाय का, कडीचे रिव्हेट हलतात का ते बघ. चौघांना एक कुकर, एक कढई, एक तवा पुरे.

भाजी शांतीनगरातच, रात्री आठनंतर. मेथी-कोथिंबीर तेव्हा जवळपास निम्म्यात देतात, टोमॅटो मात्र सकाळचेच घ्यावेत. मॉलचं थोडक्यात सांगते : मॅक्सस मॉल सिनेमाला, ठाकूर मॉल पावसात वेळ काढायला. डी-मार्टात एकट्यानं जाऊ नये आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही. पाच किलोच्या पिशवीवर वाचलेले पैसे बिस्किटांत जातात.

आता ते दणदणीत बिल. तू फोटो पाठवलाय त्यात जेवणापेक्षा खालच्या ओळी जास्त बघण्यासारख्या आहेत. ‘सर्व्हिस चार्ज’ दहा टक्के लावलाय. तो कर नाही, सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या : हा आकार बिलात आपोआप लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. ‘काढून द्या’ एवढंच शांतपणे म्हण, बहुतेक ठिकाणी काढतात. दुसरी ओळ जीएसटीची. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के, अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. त्यासाठी बिलावर २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरी नंबर हवा. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत असू शकतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नसतो, आणि बिलावर तसं छापायचं असतं. तेच वाक्य छापून त्याखाली पाच टक्के जोडलेलं बिल दिसलं तर ते पैसे देऊ नकोस. २०२२ च्या सुरुवातीपासून बिलावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबरही लागतो. तो नसेल तर निदान स्वयंपाकघराच्या दारातून एकदा आत डोकाव. बाटलीबंद पाणी न मागता टेबलावर ठेवलं तर परत कर आणि साधं पाणी माग. ते फुकटच असतं. अॅपवरून मागवणार असशील तर आधी त्याच हॉटेलचं मेनूकार्ड बघ. तोच पदार्थ अॅपवर बहुतेकदा महाग असतो, वर पोचवण्याचे आणि पॅकिंगचे पैसे वेगळे.

राहिला भाषेचा प्रश्न. जुलै २०२५ च्या सुरुवातीला तो इथे फार पेटला होता. मराठी बोलण्यावरून एका मिठाईवाल्याला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी बंद पाळला, त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला, आधी परवानगी नाकारली म्हणून धरपकड झाली. तू टीव्हीवर पाहिलं असशीलच. पण रोजच्या बाजारात काय होतं ते सांगते. मी मराठीत विचारते, ‘केवढ्याला?’ भाजीवाला हिंदीत सांगतो, मी मराठीत घासते, तो हिंदीत नाही म्हणतो, शेवटी दोघांना पटेल अशा भावाला भेंडी पिशवीत पडते. मराठी ऐकून कुणी भाव चढवलेला मी पाहिला नाही. भाव चढतो तो दुसऱ्या कारणानं : मुलं घोळक्यानं येतात, भाव न विचारता ‘दे दो भैया’ म्हणतात आणि स्कॅन करून निघून जातात. भाव आधी विचार, पिशवीत नंतर घाल. मराठीतच बोल, आवाज न चढवता. मारामारी करणाऱ्यांचं मला कौतुक नाही, आणि मराठी ऐकून तोंड वाकडं करणाऱ्या दुकानदाराकडे मी पुन्हा जात नाही.

प्रश्न : कॉलेजजवळचा दुकानदार थंड पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेतो. म्हणतो, फ्रीजचं लाइटबिल येतं. द्यायचे का?
— एक विद्यार्थिनी, भाईंदर (पूर्व)

उत्तर : नाही. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, थंड करण्याचा खर्च त्यातच आला. वैधमापन खात्याकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र टेबल-खुर्ची लावून बसवणाऱ्या हॉटेलला हे लागू नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिथे बाटलीबरोबर सेवाही विकली जाते, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात. दोन रुपयांसाठी रोज भांडण्यापेक्षा मैत्रिणींनी मिळून एकदाच तक्रार करा, आणि तोवर पलीकडच्या दुकानातून घ्या.

प्रश्न : स्टेशनजवळ घेतलेल्या बुटाचा तळवा आठवड्यात सुटला. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. पैसे गेलेच का?
— एक वाचक, भाईंदर (पश्चिम)

उत्तर : गेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत परतावा मागता येतो. छापलेल्या त्या ओळीनं हा हक्क जात नाही. बिल देण्याचं टाळणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथाच आहे, त्यामुळे ‘बिल हवं तर अठरा टक्के वर’ ही धमकी ऐकून मागे हटू नका. बूट, बिल आणि तळव्याचा फोटो घेऊन दुपारी जा, दुकानात गर्दी नसते तेव्हा मालकाला ऐकून घ्यायला वेळ असतो. माप चुकलं किंवा घरी आल्यावर रंग आवडला नाही, हे मात्र सदोष मालात बसत नाही. तिथे सगळी दुकानदाराची मर्जी. पुढच्या वेळी दोन्ही पायांत बूट घालून दुकानाच्या दारापर्यंत चालून बघा, आणि संध्याकाळी बघा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात.