पुढे नवे, मागे जुने

ताम्हिणीच्या उतारावर गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड पुण्याकडे होतं. आम्ही निघालो होतो माणगावला. शेजारी बसलेला भाचा बराच वेळ गप्प होता, मग हळूच म्हणाला, "मामा, आपण उलटे उभे आहोत." मागचं डावं चाक मोरीच्या कठड्याला जाऊन भिडलं होतं आणि पाय मुरगळलेल्या माणसासारखं तिरकं झालं होतं. वेग पंचेचाळीसच्या आसपास असेल. जुलै महिना, ताम्हिणीतला पाऊस, वळण उताराचं. समोरून एखादी एसटी आली नाही हे नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

पहिले दोन दिवस मी रस्त्याला शिव्या घातल्या. शेवाळ असेल, कुणाचं तरी डिझेल सांडलं असेल. मग गॅरेजच्या लिफ्टवर गाडी वर गेली, चारही टायर डोळ्यांसमोर आले आणि मी गप्प बसलो. त्या गिरकीची तयारी मी स्वतः, पैसे मोजून, जानेवारीपासून करत आलो होतो.

गाडी म्हणजे अबार्थ पुन्टो, 2016 ची, दुसऱ्या हाताची. 1.4 लिटर टर्बो, 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि अंगावर विंचवाचं चिन्ह. रांजणगावला बनलेली, म्हणजे तशी आमच्या जिल्ह्यातलीच. एरवी ती मला ऑफिसला नेते, गणपतीला कोकणात नेते आणि वर्षातून एकदा-दोनदा कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर. हा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, पण वळणावळणाचा. छोट्या गाड्यांना मजा येते. एस. करिवर्धन या रेसर-अभियंत्याचं नाव त्याला दिलेलं आहे.

त्या जानेवारीत ट्रॅकला जायचं म्हणून मी चार कोरे टायर घातले. नव्या वर्गात जाताना नवे बूट घालावेत, तसं. माप कंपनीचंच, 195/55 आर 16, पण रबर मऊ, पकड जास्त. कारीवर दिवसभरात पंधरा-पंधरा मिनिटांची पाच सत्रं झाली. दुपारपर्यंत पुढच्या दोन टायरांचे बाहेरचे खांदे दाणेदार झाले, संध्याकाळी रबराचे लहान तुकडे उडालेले दिसले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे ठरलेलंच. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. मागची चाकं बिचारी मागून फरफटत येतात. जूनमध्ये मोजलं तेव्हा पुढची नक्षी दोन मिलिमीटर उरली होती, मागची साडेतीन.

कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालतं, पण पाऊस कायदा वाचत नाही. म्हणून मी टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, चार कशाला? पुढचे दोन टाका. ओढणारी चाकं तीच, नवीन माल तिथेच पाहिजे." हिशोब बिनतोड वाटला. निम्मे पैसे वाचले. पुढे आठ मिलिमीटरचे कोरे आणि मागे साडेतीनचे, ट्रॅकवर भाजून निघालेले, असे चार टायर घेऊन मी पावसाळ्यात शिरलो.

यात काय चुकलं ते नीट सांगतो, कारण आजही दहातल्या आठ दुकानांत हाच सल्ला मिळतो. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला लागते. स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, पुढच्या चाकांवर वजन येतं आणि बहुतेक वेळा गाडी पुन्हा ताब्यात येते. मागची पकड आधी सुटली तर मात्र तीच सवय घात करते. पाय उचलला की वजन पुढे जातं, मागचा भाग आणखी हलका होतो आणि गिरकी घेतो. मी ताम्हिणीत नेमकं हेच केलं. पुढचे कोरे टायर डांबराला असे चिकटले होते की स्टिअरिंगमधून धोक्याची कसलीच खबर मिळाली नाही. वळण जरा आवळतंय असं वाटलं, पाय उचलला आणि खिडकीतून पुणे दिसलं. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालायचे, गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी. टायरवाला हसेल, वाद घालेल. घालू द्या.

पण खरी चूक जूनमधली नव्हतीच, ती जानेवारीतली होती. कोरा टायर ट्रॅकसाठी उलट वाईट. नक्षीचे ठोकळे आठ मिलिमीटर उंच असताना प्रत्येक वळणावर ते वाकतात, लवलवतात, त्यातून तापतात आणि कडा फाटतात. रेसवाले रस्त्याचे टायर वापरतात तेव्हा काही जण ते मुद्दाम तासून घेतात, ते यासाठीच. चार-साडेचार मिलिमीटर उरलेला तोच टायर कोरड्या ट्रॅकवर जास्त घट्ट वागतो, कमी फाटतो. पाऊस मात्र खोल नक्षी मागतो, कारण पाणी बाहेर फेकायला त्या चरांशिवाय दुसरी वाट नाही. शिवाय रबर दर वेळी खूप तापून थंड झालं की थोडं थोडं कडक होतं. म्हणजे मी टायरचं तारुण्य ट्रॅकवर घालवलं आणि त्याचं म्हातारपण ताम्हिणीच्या पावसात नेलं. व्हायला हवं होतं बरोबर उलट.

आता मी टायर मे महिन्यात घेतो, मृगाच्या आधी. चारही एकदम. पावसाळाभर खोल नक्षी पायाखाली असते. दर पाच हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे, म्हणजे चारही साधारण सारखे झिजतात आणि 'फक्त दोन टाका' हा मोह पुन्हा दारात येत नाही. माझं फिरणं वर्षाला बरंच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत नक्षी चारच्या आसपास येते, तेव्हा कारीला जायचं. तिथे जे व्हायचं ते होऊ दे. परत आल्यावर उन्हाळ्यात उरलेलं आयुष्य कोरड्या रस्त्यावर संपवायचं आणि पुन्हा मे. ज्याचं फिरणं कमी आहे त्याचं चक्र दोन वर्षांचं होईल. पण पाऊस आधी आणि ट्रॅक नंतर, हा क्रम मोडू नये. खोली मोजायचं छोटं गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतं. नुसत्या नजरेने मोजणाऱ्यांत मीही होतो.

कुठला टायर घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि माझं उत्तर ऐकून विचारणारा हिरमुसतो. माझा हिशोब असा. पुण्याहून कोइम्बतूर जाऊन-येऊन सुमारे चोवीसशे किलोमीटर. ट्रॅकवर दिवसभरात पडतात फार तर ऐंशी-नव्वद. त्या नव्वदांसाठी चोवीसशे किलोमीटर आणि वर चार महिने पाऊस, हे सगळं धोक्यात घालायचं का? म्हणून मी रस्त्याचाच, पण वेगवान गाड्यांसाठी बनवलेला, ओल्या रस्त्यावर नाव असलेला टायर घेतो. ट्रॅकवर तो पाच-सहा फेऱ्यांनंतर तापतो, पिळवटतो. तेव्हा मी एक फेरा सावकाश मारून बाहेर येतो. घड्याळ कुणाला दाखवायचं आहे?

उलट टोकही मी करून पाहिलं आहे. ताम्हिणीनंतर घाबरून लांब पल्ल्याचे, आरामाचे, साठ-सत्तर हजार किलोमीटर चालतील म्हणून विकले जाणारे टायर घातले. ते रस्त्यावर गरीब गाईसारखे वागले, पण कारीवर तिसऱ्याच फेऱ्यात लोण्यासारखे पसरले आणि थांबायचं अंतर दर फेरीला वाढत गेलं. ट्रॅकला अजिबात जायचं नसेल तर तेच घ्या. त्यात कमीपणा नाही.

अर्ध-स्लिक, म्हणजे जेमतेम नक्षी असलेल्या ट्रॅकच्या टायरांचं आकर्षण मी समजू शकतो. पण ते थंड असताना आणि पाण्यात काय करतात हे विकणारा सांगत नाही. त्यातून जून 2020 मध्ये सरकारने गाड्यांच्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून असे परदेशी टायर आपल्याकडे मिळणं अवघड झालं. 'एकच जोडी उरलीय, स्वस्तात देतो' असं कुणी म्हणालं की आधी खाली वाका आणि बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. मला असाच एक संच जवळजवळ गळ्यात पडला होता. काळाकुळकुळीत, चकाकणारा, चार वर्षं दुकानात पडून राहिलेला. नखाने दाबून पाहिलं तर नखच दुखलं.

ट्रॅकचं वेड खरंच लागलं असेल तर दुसऱ्या चार रिम घ्या, त्यांवर हवे ते टायर चढवा, मागची सीट पाडून आत रचा आणि ट्रॅकवर पोचून बदला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आमच्या गाडीइतकी दुसऱ्या कुणाला शोभणार नाही. एकटे किंवा दोघेच जात असाल तर जमतं. चार मित्र मिळून जाणार असाल तर विसरा.

बाजूवर ट्रेडवेअर म्हणून जो आकडा असतो तो अमेरिकन पद्धतीचा. संदर्भाचा टायर 100 मानून त्याच्या तुलनेत झीज किती, एवढंच तो सांगतो, आणि तो कंपनी स्वतःच देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला ठीक. दोन कंपन्यांत तो लावू नये. त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत लावलेल्या ब्रेकवरून ठरतं. वळणाबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. मी ते वाचून 'डबल ए आहे, आता काळजी नाही' म्हणालो होतो.

मापाच्या बाबतीत मी कंपनीच्या मापाला चिकटून आहे. 205/45 आर 17 घातलं तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, दिसतंही झकास, पण बाजूची उंची 107 मिलिमीटरवरून 92 वर येते. ते पंधरा मिलिमीटर ऑगस्टमधल्या मुंबई-गोवा रस्त्यावरच्या खड्ड्यात शोधावे लागतात. माझ्या एका मित्राने एका पावसाळ्यात दोन रिम वाकवल्या. भार आणि वेगाची खूणही कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. आमच्या मापात 87 व्ही म्हणजे टायरमागे 545 किलो आणि ताशी 240 किलोमीटर.

हवेबद्दल एकच गोष्ट, पण ती मला महागात पडली. ट्रॅकवर टायर तापला की हवेचा दाब सहा-आठ पीएसआयने चढतो, म्हणून फेरा मारून आलं की गरम टायरमधली हवा थोडी सोडतात. किती सोडायची ते कळायला मी टायरच्या खांद्यावर पांढऱ्या खडूने रेघ ओढतो. फेऱ्यानंतर खडू बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर टायर फार लोळतोय, हवा कमी आहे. खांद्यापर्यंतही पुसला नसेल तर जास्त आहे. हे सगळं मी पहिल्या वेळी निगुतीने केलं, संध्याकाळी हात धुतले, इडली खाल्ली आणि निघालो. होसूरला मुक्काम. सकाळी सहज गेज लावलं तर चारही चाकांत 26. गरम असताना सोडलेली हवा थंड झाल्यावर परत कोण भरणार? तशा मऊ टायरांवर, सामानासकट, महामार्गाच्या वेगाने मी होसूरपर्यंत आलो होतो. आता बारा व्होल्टचा छोटा पंप स्टेपनीच्या खाचेत कायम असतो, आणि ट्रॅकच्या फाटकाबाहेर पडण्याआधी दारावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेला दाब पुन्हा भरल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही.

ताम्हिणीचं बिल मागचा ॲक्सल, एक रिम आणि बंपर धरून त्या न घेतलेल्या दोन टायरांच्या कितीतरी पट झालं. नेमका आकडा घरात अजून कुणाला सांगितलेला नाही.

भाचा आता नोकरीला लागला. त्यानेही एक जुनी छोटी गाडी घेतली, अर्थात माझं काही न ऐकता. गेल्या महिन्यात दुपारी त्याचा फोन आला. मागे एअर गनचा आवाज. "मामा, टायरच्या दुकानात आहे. दोनच बदलतोय. हा म्हणतो पुढे टाकू."

म्हटलं, "फोन त्याच्याकडे दे."